मधला तुकडा

४ जुलै

दादा,

'प्रिय' लिहावं की 'तीर्थरूप' यात दोन कागद फुकट गेले. प्रिय लिहिलं तर तू म्हणशील, आता लाडात आली. तीर्थरूप लिहिलं तर म्हणशील, काहीतरी काम दिसतंय. दोन्ही खरं आहे. तू माझा फोन उचलणार नाहीस हे वहिनींनी मला इतक्यांदा सांगितलंय की करून बघणंही मी सोडून दिलं. पत्राचं बरं असतं. फेकून द्यायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम आधी सांगते. तुझं झाड सापडलं.

दुकानात असशील तर जवळच्या फरश्यांच्या ढिगावर बस आणि मग पुढे वाच. तेच झाड. माणसाच्या डोक्यावर जाणारी पानांची काठी, पान जिथे खोडाला बिलगतं तिथे मधोमध चिरलेली ती जीभ, आणि पान चुरगळलं की वेलदोडा आणि ओल्या पेन्सिलीचा वास. 'ओली पेन्सिल' हा शब्द तुझा. आल्याच्या कुळातल्या शेकडो झाडांची पानं मी या बोटांनी चुरगळली असतील, पण ओली पेन्सिल मला दुसऱ्या कशातच सापडली नाही.

फूलही तसंच. पानांपासून लांब, थेट जमिनीतून वर आलेलं, कुणाच्या तरी हातातून पडल्यासारखं. मी खणून पाहिलं. पान आणि फूल एकाच झाडाचं आहे.

तू बरोबर होतास.

हे वाक्य मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलंय. कापून दुकानात लावायचं तर लाव.

मी सप्टेंबरअखेर निवृत्त होते आहे. त्याआधी या झाडाचं रीतसर वर्णन छापून त्याला नाव द्यायचं आहे. तुला आठवत असेल, नवीन जात जाहीर करताना एक वाळवलेला नमुना कागदाच्या शीटवर शिवून कायमचा प्रमाण म्हणून ठेवावा लागतो. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तरी तो त्याच शीटपाशी येतो. माझ्याकडे ताजा नमुना आहे, बाटलीत फुलंही आहेत. तरी मला प्रमाण म्हणून तुझंच शीट ठेवायचं आहे. ते संग्रहालयात सतरा नंबरच्या कपाटात, खालून तिसऱ्या कप्प्यात असतं. काल काढलं. तुझ्या हातचं लेबल, तुझेच टाके, आणि फूल वाळून चहाच्या डागासारखं झालेलं. उजव्या कोपऱ्यात ती चिठ्ठी : 'मिश्र नमुना. पान एका जातीचं, फूल दुसऱ्या जातीचं.' अक्षर कुणाचं आहे ते तुला माहीत आहे. शीटवर एकदा चिकटलेली चिठ्ठी काढायची नाही, चुकीची असली तरी नाही, बरोबर चिठ्ठी तिच्या शेजारी लावायची, हा नियम सरांनी आपल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. त्यामुळे ती अजून तिथेच आहे.

अडचण एवढीच आहे की पान आणि फूल यांना जोडणारा मधला तुकडा शीटवर नाही. जमिनीखालचं ते आडवं खोड तेव्हा बांधाबांधीत कुठेतरी निसटलं असावं. तेव्हाही त्याच्यावाचूनच सगळं अडलं होतं. तुझी त्या दौऱ्याची वही मिळाली तर प्रश्न सुटेल. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची. तू तेव्हा सरांना ती हरवली म्हणालास. खरंच हरवली का रे? माळ्यावर, ट्रंकेत, कुठेतरी बघ.

लेख आपल्या दोघांच्या नावाने जावा असं मला वाटतं. तू हो म्हणालास तर.

तुझी
चिमटी

(हे नाव लिहिताना जरा थांबले. आई गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मला या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. तू आहेस, पण तू हाकच मारत नाहीस.)


१६ जुलै

दादा,

काल दुपारी मी डबा उघडून बसले होते, तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"वन्सं, पत्र पोचलं बरं का."

"वाचलं त्याने?"

"दारातच उभ्याउभ्या वाचलं. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. शर्ट धुवायला टाकला तर खिशात नव्हतं. म्हणजे दुसऱ्या शर्टात गेलं असणार."

"काही म्हणाला?"

"तुमचे भाऊ? त्यांच्यापेक्षा दुकानातल्या फरश्या बऱ्या. निदान टिचकी मारली की आवाज तरी देतात."

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची टंकलेखक मुलगी उठून बघायला आली. वहिनींनी एकतीस वर्षं आपल्या दोघांचे निरोप इकडून तिकडे नेले. ते तू मागितलेस म्हणून नाही, आणि मीही कधी मागितले नाहीत. त्यांचे आभार तू मानले नसशीलच. मीही मानले नाहीत.

पत्र एका शर्टातून दुसऱ्या शर्टात गेलं हे ऐकून बरं वाटलं. कागद जपायची तुझी खोड जुनी आहे. आपली पानं दाबायची पहिली प्रेस आठवते? तू अकरा वर्षांचा, मी सहा. बाबांच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांत पानं घालायची, डिरेक्टऱ्या आईच्या गादीखाली, आणि गादीवर आई. ती म्हणायची, "मेल्यांनो, मला कूस बदलायची चोरी झाली. इकडे वळलं की कुरकुर, तिकडे वळलं की पाल्याचा वास." तरी तीन वर्षं ती त्यावर झोपली. एकदा बाबांनी डिरेक्टऱ्या रद्दीत काढल्या तेव्हा तीच त्यांच्यावर खेकसली होती की मुलांचं जंगल कुठे नेताय. तुझी बोटं तेव्हापासून जाड, म्हणून खणायचं तू. माझी बारीक, म्हणून पाकळ्या उलगडायच्या, पानं सरळ करायची, बांधायचं मी. त्यावरूनच मी चिमटी झाले. पुढे दोघं त्याच संस्थेत शिकलो, त्याच सरांच्या हाताखाली, आणि कामाची वाटणीही तीच राहिली. पैजा लावायचो आपण, आठवतं? कोण आधी नवीन जात शोधतो. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचे बूट वर्षभर धुवायचे.

बूट पाठव, धुवायचे मला आहेत.

आता खणण्याचं सांगते, कारण तू विचारणार नाहीस आणि मला सांगितल्यावाचून राहवणार नाही. माझ्याबरोबर तिथल्या वनरक्षक बाई होत्या. पन्नाशीच्या, बावीस वर्षं त्याच डोंगरावर. पायवाटेने मी पुढे चालले होते.

"बाई, फुलावर पाय पडेल," त्या मागून म्हणाल्या.

मी खाली बघितलं. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर ते उमललेलं होतं.

"हे कधीपासून येतं इथे?"

"दर साल नाही येत. दोन-तीन वर्षांनी कधीतरी. दिवसभर असतं, मग सडतं. आम्हाला वाटायचं कसली तरी अळंबी आहे."

"याचं पान कुठलं?"

"ह्याला पान नसतं."

"असतं," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

त्यांच्याकडे पहार होती. एका दणक्यात मोकळं करते म्हणाल्या. मी त्यांना हात लावू दिला नाही. डब्यातला चमचा आणि रंगाचा ब्रश घेऊन अडीच तास माती उकरत बसले. खोड करंगळीएवढं, एका दगडाखालून गेलेलं, दोनदा वळलेलं. कंबर मोडून आली. वाटेवरून सरपणाच्या मोळ्या घेऊन दोघीजणी गेल्या, त्यांनी वनरक्षक बाईंना विचारलं की या आजींचं काय हरवलंय. दगडाच्या पलीकडे सात विती गेल्यावर ते खोड एका उंच काठीला जाऊन मिळालं. मी पान चुरगळलं. ओली पेन्सिल.

"निघालं की एकाच आईचं," वनरक्षक बाई म्हणाल्या.

मी तिथेच चिखलात बसून रडले. डोळ्यात किडा गेला म्हणून सांगितलं, त्यांनी ते मानल्यासारखं केलं. खरं सांगू का, मला त्या वेळी झाड सापडल्याचा आनंद कमीच झाला. तू तिथे नव्हतास याचंच वाईट वाटत होतं. फळ मात्र मला मिळालं नाही. तू तेव्हा एक फळ पाहिलं होतंस. त्याचं वर्णनही तुझ्या वहीतच असणार.

आमचे संचालक तरुण आहेत, माणूस चांगला आहे. ते म्हणतात, "मॅडम, जुन्या शीटचा हट्ट सोडा. जोडणी पाहिल्याचं त्या वेळच्या माणसाचं लेखी काही आहे का? नाही ना? मग ताज्या नमुन्यावर करा, लगेच छापून येईल." मी बघते म्हटलं.

वही शोध ना.

चिमटी


२ ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला करड्या फरशीचा फोटो, त्यावर 'पाय न घसरणारी' असं छापलेलं. दुसऱ्या बाजूला तू. 'निसटलं? कसं निसटलं?' एकतीस वर्षांनी तीन शब्द, त्यातले दोन तेच.

अक्षर तसंच आहे तुझं. टेबलावर कार्ड ठेवून मी बराच वेळ नुसती बघत होते. मग राग आला. कशी आहेस नाही, गुडघा कसा आहे नाही, सरळ उलटतपासणी. तू पहिल्यापासून असाच. लहानपणी माझ्या पानावरचं लेबल चुकलं की पान बाजूला राहायचं आणि आधी लेबलाची चौकशी व्हायची.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे दादा. चाळीस शीटं होती, एकच प्रेस होती, तिचा एक पट्टा तुटलेला होता. फुलाची बाटली फुटली होती. तू सकाळी ते झाड खणलंस, पानापासून फुलापर्यंत अख्खं माझ्या हातात आणून दिलंस आणि तापाने फणफणलेला तंबूत जाऊन पडलास. अशा गडबडीत एखादी गोष्ट इकडची तिकडे होते.

त्या तंबूतलं मला सगळं आठवतं. कानाचा टवका उडालेला एकच मग, त्यातून तू आधी प्यायचास आणि अर्धा माझ्यासाठी ठेवायचास, आणि तो अर्धा कधीच अर्धा नसायचा. वाळत घातलेले मोजे कुणाचे कुठले यावरून भांडण. तुझं भसाड्या आवाजातलं गाणं, ज्याने पाखरं उडून जायची आणि तू म्हणायचास, बघ, दाद दिली. संध्याकाळी मी तुझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं तेव्हा तू डोळे मिटूनच म्हणालास, "चिमटे, हे आपलं. सरांचं नाही, संस्थेचं नाही. आपल्या दोघांचं." मी हो म्हटलं.

पुढचं नंतर लिहिते. कपाटांना औषध मारायचे दिवस आहेत, सगळी शीटं बाहेर काढलीत, बसायला जागा नाही. हे नुसतं कारण आहे हे तुलाही कळतंय.

चिमटी


५ ऑगस्ट

दादा,

निसटलं नाही. मी कापलं.

कापल्याचं एवढं काही नाही. प्रेसमध्ये मावत नसेल तर खोड कापतात, तुकडे वेगळे ठेवतात, त्यावर नंबर लिहितात. सर काय म्हणायचे? कापलं तर चालेल, फेकलं तर चालणार नाही. मी कापलं आणि ओढ्यात फेकलं.

ते ओलं होतं, जाड होतं. त्याच्यामुळे प्रेस बंद होत नव्हती आणि बाकीच्या शीटांना बुरशी धरेल अशी मला भीती वाटत होती. तू जाताना म्हणाला होतास, "त्याचा वेगळा गठ्ठा करू, मी उठलो की करतो." मला थांबायचा कंटाळा आला. एवढंच कारण आहे. दुष्टपणा नव्हता, मत्सर नव्हता. मी या एकतीस वर्षांत याहून बरं काहीतरी कारण शोधायचा खूप प्रयत्न केला. मला परत जायचं होतं, अंघोळ करायची होती, आणि एक ओलं मूळ मला आडवं येत होतं. तू तंबूत होतास. तुला दिसलं नाही. तू उठल्यावर विचारलंस, मी म्हटलं, ठेवलंय सगळं.

आणि मग ती खोली. लांब टेबल, सर मधे, दोन्ही बाजूंना मोठी मंडळी, आणि तुझं शीट पाण्याच्या जगाशेजारी. सर म्हणाले, "ही दोन वेगळी झाडं आहेत. त्या उतारावर या कुळातलं दुसरंही एक झाड आहे, तूच लिहिलंयस. जोडणी कुणी पाहिली?"

"मी," तू म्हणालास.

"तुझ्याखेरीज?"

तू माझ्याकडे वळलास. चेहरा असा निश्चिंत होता तुझा. "हिच्या हातात दिलं होतं मी."

"काय गं?" सरांनी विचारलं.

सहायकाची जागा पुढच्या आठवड्यात भरायची होती आणि ती मला मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. पाहिलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग ते कुठे आहे. मी म्हटलं, "मी नीट लक्ष दिलं नाही, सर."

सरांनी वही मागितली, तू म्हणालास हरवली. मला तेव्हा वाटलं, बरं झालं. हेही लिहून टाकते, आता अर्धवट ठेवायचं नाही.

जागा मिळाल्यावर सरांनी पहिलं काम दिलं ते ती चिठ्ठी लिहायचं. म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही." मी लिहिली. डिंक लावला. कॅन्टीनमध्ये तुला सगळे कलमवाला म्हणायला लागले, पानावर फुलाचं कलम करणारा. मी त्याच टेबलावर बसून चहा प्यायचे. तू दोनदा स्वतःच्या खर्चाने तिकडे जाऊन आलास. पहिल्या वर्षी उताराची दरड कोसळलेली, दुसऱ्या वर्षी फूलच नाही. मग तू सासऱ्यांच्या फरशीच्या दुकानात जाऊन बसलास. ज्याला जमिनीत काय काय उगवतं त्याचं वेड, तो माणूस जमिनी झाकायला लागला. हे माझ्यामुळे झालं. आई गेली तेव्हा तू मला पाण्याचा पेला आणून दिलास, तेव्हा मी बोलणार होते. पण पेला देऊन तू लगेच वळलास, आणि मी ते निमित्त धरलं.

मी माफी मागत नाही, कारण ती देण्याचं ओझं पुन्हा तुझ्यावरच येईल. मी एक केलंय. जोडणी मी पाहिली होती, मधला तुकडा मी फेकला आणि विचारल्यावर खोटं बोलले, हे सगळं लिहून, सही करून आज सकाळी संचालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, निवृत्तीला आठ आठवडे राहिलेत. हे कशाला?"

"तुम्हाला त्या वेळच्या माणसाचं लेखी हवं होतं ना."

"उद्या तुमच्या बाकीच्या चिठ्ठ्यांवर लोक शंका घेतील."

कपाटांमध्ये माझ्या हातच्या नऊ-दहा हजार चिठ्ठ्या असतील. घेऊ देत शंका. तपासतील, बहुतेक बरोबर निघतील.

वही मिळाली नाही तरी आता लेख तुझ्या शीटवरच होईल. तुझं नाव घालू की नको एवढंच कळव. नको म्हणालास तर मी समजेन.

चिमटी


१९ ऑगस्ट

दादा,

तुझं काही उत्तर आलं नाही. वहिनी म्हणाल्या की रविवारी तू शिडी लावून माळ्यावर चढलास, तासभर खाली आला नाहीस, आणि मग संध्याकाळभर शिंकत होतास. याहून जास्त त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लेखाचा कच्चा खर्डा सोबत पाठवते आहे. वाचलाच पाहिजेस असं नाही. फुलाच्या ओठाचा रंग मी पिवळा लिहिलाय. नावाचा अर्थ 'लांब फुलणारी' असा होईल असं बघितलंय. लेखकाच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे.

इकडे निरोप समारंभाची तयारी चाललीय. माझ्यासाठी शाल घ्यायची की घड्याळ यावर दोन तट पडलेत. माझं ते पत्र संस्थेत सगळ्यांनी वाचलंय. काही जण कॉरिडॉरमध्ये मला बघून खिशात मोबाइल शोधायला लागतात. टंकलेखक मुलगी मात्र रोज माझ्या टेबलावर चहा ठेवून जाते.

चिमटी


३ सप्टेंबर

दादा,

पार्सल काल आलं. फरशीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर सुतळी, आणि तुझी ती गाठ जी कधीच सुटत नाही. कात्रीने कापली. सुतळीचे तुकडे टाकले नाहीत, ठेवलेत. आता काहीही टाकायची हिंमत होत नाही.

आधी खर्डा वाचला, कारण वही उघडायची भीती वाटत होती. लाल पेन्सिल. तू कुठून आणलीस रे ही, आपल्या वेळची लाल पेन्सिल हल्ली मिळत नाही. 'जीभ किंचित चिरलेली. किंचित म्हणजे किती? मोज.' मोजते. 'ओठ पिवळा. कुठला पिवळा? अंड्याच्या बलकाचा, कडेला फिकट होत जाणारा. तुझ्या बाटलीतल्या फुलाचा रंग उतरला असणार.' उतरलाय. 'वास : ओली पेन्सिल. हे छापायला देऊ नकोस, लोक हसतील.' मी देणार आहे. 'नाव ठीक. माझं नाव दिलं असतंस तर स्वतः येऊन शीट फाडलं असतं.' लेखकांच्या मोकळ्या जागेत दोघांची नावं, आणि खाली : 'क्रम वयाने.'

मी ते खाली ठेवलं, तोंड धुऊन आले आणि मग वही उघडली.

फळाचं वर्णन सविस्तर आहे, चित्रासकट. ते उतरवून घेतलं. मग त्या तारखेचं पान. तुझं तापातलं अक्षर, ओळी खाली घसरत गेलेल्या. 'जोडखोड अखंड पाहिलं, फुलापासून पानापर्यंत, माझ्या सहा विती. चिमटीच्या हातात दिलं.' आणि त्याच्याखाली : 'चिमटीने कापून ओढ्यात टाकलं. तंबूतून दिसलं. ताप उतरला की बोलू.' या शेवटच्या ओळींवर एक रेघ मारलेली. एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. वहीत खोडायचं ते असंच, रबर लावायचं नाही, पान फाडायचं नाही, हेही सरांनीच शिकवलं होतं.

म्हणजे तुला माहीत होतं. त्या खोलीत सरांनी वही मागितली तेव्हा ती तुझ्या पिशवीत असणार, तुझ्या पायाशी. ती टेबलावर ठेवली असतीस तर तू सुटला असतास. पण जोडणी पाहिल्याची ओळ आणि मी ते फेकल्याची ओळ एकाच पानावर होत्या. एक दाखवली की दुसरी दिसणारच होती. तू हरवली म्हणालास. आणि मी मनात म्हटलं, बरं झालं.

खर्ड्याच्या शेवटच्या पानामागे तू लिहिलंयस : 'तू येऊन सांगशील म्हणून थांबलो होतो. वाटलं होतं, आठवडा लागेल.'

मी इतकी वर्षं समजत होते की मी तुझं काम बुडवलं म्हणून तू बोलत नाहीस. तू तर कामाचं कधीच सोडून दिलं होतंस. तू नुसती वाट बघत होतास. मला या सगळ्याची लाज वाटते, आणि तुझी फार आठवण येते, आणि या दोन्ही गोष्टी मी याआधी तुला कधी सांगितल्या नव्हत्या.

आज सकाळी लवकर येऊन सतरा नंबरचं कपाट उघडलं. नवी चिठ्ठी शाईच्या पेनाने लिहिली, चांगल्या अक्षरात : 'पान आणि फूल एकाच जातीची, एकाच झाडाची. जोडणी मी पाहिली होती.' खाली सही आणि तारीख. जुनी चिठ्ठी आहे तिथेच आहे, ती काढता येत नाही. तिच्या शेजारी ही लावली आणि डिंक वाळेपर्यंत बोट ठेवून उभी राहिले. दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात आहेत. पुढे जो कुणी हे शीट काढेल त्याला दोन्ही वाचाव्या लागतील.

त्या खोलीत मला एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द.

या रविवारी सकाळच्या बसने येते आहे. वही परत करायची आहे, आणि तुझे बूटही धुवायचे आहेत, तू ते पाठवलेच नाहीस. पैज तूच जिंकलास. थांब्यावर यायची गरज नाही, पत्ता वहिनींनी समजावलाय. पण आलास, तर गर्दीत मला शोधत बसू नकोस. हाक मार.

चिमटी